विनोदी वेस्टर्न वाचून एकाला हसू येतं, दुसऱ्याला का येत नाही?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवस बाबांच्या डोळ्यांना आराम द्यायचा होता. वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवायचे. पुस्तक इंग्रजी असलं की म्हणायचे, "इंग्रजी मला डोळ्यांनी कळतं, कानांनी नाही. तू मराठीत सांग." अशी चार्ल्स पोर्टिसची 'ट्रू ग्रिट' आमच्या घरात मराठीत झाली, वाक्यागणिक, जमेल तशी.

१९६८ सालची ही वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जुन्या दिवसांवरची कादंबरी, मी आधी एकदा तिसाव्या पानाच्या आसपास सोडून दिली होती. फार विनोदी आहे असं ऐकून घेतली होती आणि विनोद काही सापडेना. चौदा वर्षांची मॅटी रॉस. तिच्या वडिलांना अर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ गावात त्यांच्याच गड्याने गोळी घातली आणि तो पळाला. ही मुलगी त्याला फासावर चढवायला निघते. यात हसायचं काय, असंच मला वाटलं होतं.

घोड्यांच्या व्यापाऱ्याचा प्रसंग आला आणि बाबा हसायला लागले. वडिलांनी मरण्याआधी या स्टोनहिलकडून तट्टं विकत घेतलेली असतात. मॅटी म्हणते, तट्टं परत घ्या आणि पैसे द्या. शिवाय वडिलांची घोडी तुमच्या तबेल्यातून चोरीला गेली, तिची भरपाई द्या. व्यापारी आधी तिला उडवून लावतो, मग चिडतो, मग थकतो. ही आवाज चढवत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. दर थोड्या वेळाने फक्त आपल्या वकिलांचं नाव घेते. शेवटी सौदा ३२५ डॉलरला ठरतो. घोडीचे २००, तट्टांचे १०० आणि खुनी मागे सोडून गेला त्या करड्या घोड्याचे २५. या घोड्याचे खरं तर ४० यायला हवेत, हेही ती ऐकवते. नंतर ती पुन्हा येते आणि त्याच तट्टांपैकी एक त्याच्याकडूनच कमी भावात विकत घेते, कारण या तट्टांना गिऱ्हाईक नाही हे त्यानेच आधी बोलताना सांगून टाकलेलं असतं.

"अगं, ही तर आपल्या आत्यासारखी बोलते," बाबा म्हणाले. आमची आत्या भाजीवाल्याशी घासाघीस करताना कधीही हसायची नाही. आम्ही पोरं मात्र मागे पिशव्या धरून हसू दाबत उभी असायचो.

पुस्तक तेच, पानंही तीच. मी ते डोळ्यांनी वाचलं होतं आणि बाबांनी कानांनी ऐकलं. तेव्हापासून अशा कादंबऱ्यांविषयी वाचक काय म्हणतात ते मी लक्ष देऊन वाचते. मतं पार दोन टोकांची असतात. एक म्हणतो, इतकं हसलो की पोट दुखलं. दुसरा म्हणतो, कंटाळवाणं, रूक्ष, फसवणूक झाली. दोघंही प्रामाणिक असतात. असं का होतं ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ज्याला 'ओल्ड वेस्ट' म्हणतात तो काळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा फारच छोटा होता. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. १८६९ साली रेल्वेने अमेरिकेची दोन टोकं जोडली. काउबॉय म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते तर जेमतेम वीस वर्षांचं. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा टेक्सासात गुरं उदंड होती आणि भाव मातीमोल. उत्तरेकडे मांसाला मागणी होती. मग गुरं शेकडो मैल हाकत रेल्वेच्या स्टेशनापर्यंत न्यायची, हा धंदा सुरू झाला. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळी कुरणं बांधली जाऊ लागली. रेल्वेही जवळ आली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या कुरणांवर गुरं अक्षरशः गोठून मेली. तिथे तो धंदा मोडला.

काउबॉय म्हणजे मजुरीवर काम करणारा गुराखी. दिवसभर कळपामागे धूळ खायची, रात्री पाळीपाळीने जागायचं. त्यांत मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय पुष्कळ होते. 'रँच', 'रोडिओ', 'लॅसो' हे शब्दसुद्धा स्पॅनिशमधून आलेले, कारण घोड्यावर बसून गुरं राखण्याची ही विद्याच मुळात मेक्सिकन गुराख्यांची. आणि पिस्तुलांच्या लढतींचं म्हणाल, तर सगळ्यात गाजलेली लढत, टूमस्टोन गावातली २६ ऑक्टोबर १८८१ ची, अर्ध्या मिनिटात आटोपली. तीन माणसं मेली. सिनेमात तिला कितीतरी जास्त वेळ लागतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या काळाविषयीच्या दंतकथा तो काळ संपल्यावर तयार झाल्या, असं झालं नाही. दहा सेंटना मिळणाऱ्या साहसकथांच्या पुस्तिका १८६० पासूनच छापून येत होत्या. बफेलो बिल नावाच्या माणसाने १८८३ मध्ये काउबॉय आणि घोडेस्वारांचा आपला खेळ मांडला तेव्हा खरे काउबॉय अजून कुरणांवर कामाला होते. म्हणजे खरं जगणं आणि त्याची भव्य जाहिरात शेजारीशेजारी चालू होती. एकीकडे शूर वीर, दुसरीकडे दातदुखी, उवा, थकलेला पगार आणि पावसात भिजलेलं अंथरूण. विनोदी वेस्टर्नला सगळा माल या दोहोंमधल्या फटीतून मिळतो.

जाहिरातीच्या बाजूचा साचा नंतर पक्का झाला. ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' १९०२ ची. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या झेन ग्रेची 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' १९१२ ची. पुढे लुई लामूर. आपल्याकडच्या वाचनालयांमध्ये आणि फुटपाथवर जे इंग्रजी वेस्टर्न मिळायचे त्यांत त्याची पुस्तकं हमखास असायची. अनोळखी घोडेस्वार गावात येतो, गावाला कोणीतरी नाडतंय, तो आधी गप्प राहतो, मग भिडतो, शेवटी हिशेब चुकता करून निघून जातो. 'शोले' पाहिलेल्या कोणालाही हा साचा वेगळा शिकवावा लागत नाही.

या साच्यावर प्रेम करणाऱ्या वाचकाला मी अजिबात कमी लेखत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान कुठे जाणार हे माहीत असतं, तरी तो रंगतो. तसाच हा वाचक. पुस्तकाच्या वेष्टनावर घोडा आणि बंदूक पाहून तो एक वचन घेऊन बसतो, आणि विनोदी वेस्टर्न नेमकं तेच वचन मोडते. नायक लठ्ठ, एकडोळ्या आणि दारुडा निघतो. गोळी चुकते. खलनायक मूर्ख आणि केविलवाणा असतो. मग तो वाचक लिहितो, फसवलं. उलट ज्याने साच्यातली एकही कादंबरी वाचलेली नाही, त्याला काय मोडलं तेच कळत नाही. तो लिहितो, यात विशेष काय? वाचकांचं मत वाचताना मी आता आधी एवढंच शोधते, की हा माणूस या पुस्तकाकडे कुठून आला. ते कळलं की निम्मं मत उलगडतं.

उरलेलं निम्मं आवाजात असतं.

त्या मुलखातल्या विनोदाचं एक मूळ खाणकामगारांच्या वस्त्यांमध्ये आहे. नवखा माणूस पूर्वेकडून यायचा, त्याला काही ठाऊक नसायचं, आणि जुनी माणसं त्याला लोणकढी थाप मारून जोखायची. थाप मारणारा हसला की संपलं. चेहरा मख्ख हवा, तपशील चोख हवेत, आवाज कोर्टात साक्ष दिल्यासारखा हवा. मार्क ट्वेन ही विद्या तिथेच शिकला. १८६१ मध्ये तो भावाबरोबर नेवाडात गेला, चांदीच्या मागे धावला, फसला, व्हर्जिनिया सिटीच्या वर्तमानपत्रात लिहू लागला आणि १८६३ मध्ये त्याने हे टोपणनाव घेतलं. त्याला नाव मिळवून दिलं ते १८६५ च्या उड्या मारणाऱ्या बेडकाच्या गोष्टीने. सायमन व्हीलर नावाचा म्हातारा निवेदकाला कोपऱ्यात गाठून एका पैजेची हकिकत सांगतो. जिम स्मायलीने बेडकाला उडी मारायला शिकवलेलं असतं. एक अनोळखी माणूस स्मायलीची पाठ वळताच त्या बेडकाच्या पोटात छर्रे भरतो. पैज ४० डॉलरची. बेडूक खांदे उडवतो, पण जागचा हलत नाही. हे सगळं सांगताना म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नाही, की आठी नाही. त्याला हे थोर पुरुषांचं चरित्र वाटतं.

पुढे १८९५ मध्ये ट्वेनने गोष्ट कशी सांगावी यावर एक निबंध लिहिला. विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगायची असते आणि आपल्या सांगण्यात काही गमतीचं आहे याचा आपल्याला पत्ताच नाही असं सांगणाऱ्याने दाखवायचं असतं, हे त्याचं म्हणणं. एवढं एक वाक्य हाताशी ठेवून त्याचं १८७२ चं 'रफिंग इट' वाचा. कार्सन सिटीत घोड्यांचा लिलाव चालू आहे. शेजारी उभा असलेला माणूस हळूच कानात सांगतो, हा घोडा अस्सल मेक्सिकन प्लग आहे. अस्सल मेक्सिकन प्लग म्हणजे काय हे निवेदकाला ठाऊक नाही, पण त्या माणसाच्या बोलण्याची ढबच अशी, की तो मनात शपथ घेतो, मरेन पण असा घोडा घेईन. तो कानात सांगणारा माणूस लिलाववाल्याचा सख्खा भाऊ असतो. दुपारी खोगीर चढतं आणि घोडा मालकाला हवेत भिरकावतो. मग पुन्हा, मग पुन्हा. शेवटी तो घोडा विकला जात नाही, कोणी फुकटही नेत नाही. एका वाटसरूच्या गळ्यात मारावा लागतो. हे सांगताना ट्वेन स्वतःची कीव करत नाही की आपल्याला कोपर मारून हसायला सांगत नाही.

अडचण अशी, की कागदावर चेहरा दिसत नाही. पारावर बसून कोणी थाप मारत असेल तर भोवतालच्या चारजणांचे डोळे पाहून आपल्याला कळतं. पुस्तकात ते चारजण नसतात. म्हणून एखादा वाचक लिहितो, हे खरं कसं असेल, किंवा निवेदक इतका कोरडा का, तेव्हा तो चुकत नाही. त्याच्यापर्यंत आवाज पोचलेला नाही, इतकंच. दुसऱ्या भाषेत वाचताना तर हे फारच होतं. आपण अर्थ लावण्यात गुंतलेले असतो, लय निसटते.

मॅटीचा आवाज समजायला मला म्हणूनच दोन फेऱ्या लागल्या. ती ही हकिकत म्हातारपणी सांगते आहे, घटनेनंतर सुमारे अर्ध्या शतकाने. कडक धर्मनिष्ठ, अविवाहित, हिशेबाला पक्की. ती शब्द आखडून बोलत नाही, पूर्ण वाक्यात बोलते, बायबलची वचनं पावतीसारखी पुढे करते. 'भाषा कृत्रिम आहे' ही या कादंबरीवरची नेहमीची तक्रार. माझ्या मते ती कृत्रिम भाषाच या पुस्तकाचा प्राण आहे. मराठी करताना मला ते कळलं, कारण बोलीभाषेत ती मुळी उतरेचना. "मी ते मान्य करणार नाही. हे प्रकरण मी वकिलांकडे देईन." अशी जुन्या पत्रातली मराठी वापरली तेव्हा कुठे बाबा हसले.

आणि त्या आवाजाखाली खरा इतिहास आहे. फोर्ट स्मिथचे न्यायाधीश आयझॅक पार्कर खरोखर होऊन गेले. १८७५ पासून एकवीस वर्षं ते तिथे होते. त्यांनी १६० जणांना फाशीची शिक्षा सुनावली, त्यांपैकी ७९ जण फासावर गेले. त्यांच्या डेप्युटी मार्शलांना, म्हणजे गुन्हेगार पकडून आणणाऱ्या अंमलदारांना, ठरलेला पगार नव्हता. पकडलेल्या माणसामागे आणि कापलेल्या मैलांमागे पैसे मिळायचे, तेही कागदपत्रं नीट भरली तर. खुन्याच्या मागावर जायला मॅटी ज्याला पैसे देऊन नेते तो कादंबरीतला मार्शल रूस्टर कॉगबर्न बंदुकीला घाबरत नाही, पण ते हिशेबाचे तक्ते पाहून हतबल होतो. ते त्याला मॅटी भरून देते. हा प्रसंग ज्याला साधा वाटला त्याने एकदा पगाराची ही पद्धत लक्षात घेऊन तो पुन्हा वाचावा. याच पार्कर साहेबांच्या हाताखाली बास रीव्ह्ज नावाचा कृष्णवर्णीय डेप्युटी मार्शल होता. गुलामीत जन्मलेला, लिहितावाचता न येणारा आणि तरीही त्या मुलखातला सगळ्यात नावाजलेला. साच्यातल्या जुन्या वेस्टर्नमध्ये असा माणूस कुठे भेटत नाही.

वाचकांचं मत आणि लेखकाचं मत यांचीही कधी कधी गाठ पडत नाही. लॅरी मॅकमर्ट्रीच्या 'लोन्सम डव्ह'चं तसं झालं. १९८५ ची कादंबरी, पुढच्याच वर्षी पुलित्झर, आठशेच्या वर पानं. टेक्सास रेंजर या राखणदार दलातले दोन निवृत्त गडी म्हातारपणी गुरं हाकत थेट मोंटानापर्यंत नेतात. मॅकमर्ट्रीला वेस्टची दंतकथा उतरवून ठेवायची होती. वाचकांनी तीच दंतकथा उराशी धरली आणि लेखकाला शेवटपर्यंत याची खंत राहिली. इथे मी वाचकांच्या बाजूने आहे. ज्या माणसांवर आपण दीडदोनशे पानं हसलो, त्यांच्यावर जीव जडणारच.

या कादंबरीवरची तक्रार ठरलेली आहे, पहिली दोनशे पानं काहीच घडत नाही. घडत नाही हे खरंच. सुरुवातीलाच ओसरीवर दोन डुकरं एक खुळखुळ्या साप खात असतात, आणि साप काही फार मोठा नव्हता अशी प्रामाणिक नोंद लेखक करतो. त्या दोघांपैकी गस मॅक्रे आपल्या घोड्यांच्या धंद्याची पाटी रंगवतो आणि खाली लिहितो, इथे डुकरं भाड्याने मिळणार नाहीत. सोबत्याला हे सहन होत नाही. डुकरं भाड्याने मागायला येणार कोण? गसचं म्हणणं असं, की ज्याला डुक्करच भाड्याने हवं आहे अशा माणसाला नंतर आवरणं अवघड, तेव्हा आधीच लिहिलेलं बरं. पुढे पाटीवर तो लॅटिन सुविचारही घालतो. लॅटिन त्याला येत नाही. ही पानं ज्याने घाईने उलटली, त्याला पुढची मरणं नुसती यादी वाटणार.

पॅट्रिक डीविटची 'द सिस्टर्स ब्रदर्स' २०११ ची. बुकरच्या अंतिम यादीत होती. १८५१ साल, सिस्टर्स आडनावाचे दोन भाऊ, धंदा माणसं मारण्याचा. धाकटा ईलाय हळवा आहे. वाटेत त्याला पहिल्यांदा दात घासायचा ब्रश आणि पावडर मिळते. तोंडात पसरलेल्या त्या गारव्याने हा सुपारी घेऊन निघालेला माणूस जो हरखून जातो, ते वाचताना मला त्याची माया वाटू लागली. पण त्याच्या घोड्याच्या डोळ्याचा एक भाग आहे, आणि वाचक एकमेकांना त्याबद्दल सावध करतात ते योग्यच. त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. विनोद आणि क्रौर्य एका पानावर नको असं ज्याला वाटतं त्याने ही कादंबरी घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे 'तुम्हाला विनोद कळला नाही' असं म्हणून वाचकाला गप्प बसवता येणार नाही. 'रफिंग इट'मध्ये गोशूट आदिवासींवर जे लिहिलं आहे ते तुच्छतेने भरलेलं आहे. मख्ख चेहऱ्याची विद्या वरच्याला खाली ओढते तेव्हा ती शोभते. उपाशी, हुसकावलेल्या माणसांवर ती वापरली की नुसता दगड उरतो. तिथे थबकणारा आणि पुस्तक आवडूनही हे आवडलं नाही असं स्वच्छ लिहिणारा वाचक मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतो. थॉमस बर्जरच्या १९६४ च्या 'लिटल बिग मॅन'मध्ये हीच विद्या उलटी फिरते. १११ वर्षांचा असल्याचं सांगणारा जॅक क्रॅब थापा मारतो की खरं बोलतो ते ठरत नाही, पण त्याच्या सांगण्यातून शायेन आदिवासींच्या नजरेला गोरे किती विचित्र दिसत होते ते दिसतं.

या दुसऱ्या बाजूचं वाचन आपल्याकडे मराठीत फार पूर्वीच आलेलं आहे. जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'रान', 'शिवार', 'गाव' आणि 'रानातील प्रकाश'. तो मुलूख पूर्वेचा, काळ आधीचा, विनोदही नाही. पण 'रानातील प्रकाश'मधला आदिवासींत वाढलेला गोरा मुलगा जबरदस्तीने 'आपल्या' माणसांत परत आणला जातो, ते वाचल्यावर साच्यातली वेस्टर्न पुन्हा पूर्वीच्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी 'ट्रू ग्रिट'च सुचवते, आणि स्टोनहिलचा प्रसंग मोठ्याने वाचा म्हणते. घरात ऐकायला कोणी असेल तर उत्तम. मॅटीचे संवाद म्हणताना हसायचं नाही, एवढंच पथ्य.

बाबांना आता स्वतः वाचता येतं. 'लोन्सम डव्ह' त्यांच्या उशाशी आहे, रोज दहा-बारा पानं होतात. परवा मी स्वयंपाकघरात होते तेव्हा त्यांनी आतून हाक मारली. जाऊन पाहिलं तर चष्मा नाकावर, बोट त्या पाटीच्या ओळीवर. "ऐक," म्हणाले, आणि डुकरं भाड्याने न देण्याविषयीचा तो सगळा वाद त्यांनी मला मराठीत करून सांगितला, चेहरा अगदी सरळ ठेवून.